पंडिता रमाबाई आणि हिब्रू शास्त्रातील उपरी

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेत वऱ्हाडातून आलेला एक विद्यार्थी दाखल झाला. त्याच्या बोलण्याची धाटणी निराळी होती, व ती ऐकून प्रभादेवीच्या मुलांना हसू येई. पहिला आठवडाभर मधल्या सुटीत त्याला कोणी आपल्याबरोबर डबा खावयास बसवून घेतले नाही. गोष्ट फार मोठी नव्हे, व पुढे ती आपोआप निवळलीही. परंतु एके दिवशी आम्ही त्या वर्गास सहज प्रश्न केला, की तुमच्यापैकी मूळचे प्रभादेवीचे कोण? कोणाचे आजोबा रत्नागिरीहून गिरणीत कामास आलेले, कोणाचे पणजोबा साताऱ्याकडून, कोणाचे वडील आझमगडाहून. एका कोळी मुलाखेरीज कोणाचाही हात वर झाला नाही. ज्याच्या त्याच्या घरी कोणीतरी एकदा वळकटी घेऊन नवखा म्हणून उतरला होता. मात्र मुले ते विसरली होती.

हे विसरणे व हे स्मरण ह्यांविषयीच आज आम्हांस लिहावयाचे आहे. मनुष्य आपण कधी परके होतो ते विसरला, की परक्याशी कसा वागतो, व ते स्मरणात ठेवले, की त्याच्या हातून काय घडते, ह्याचा विचार एका फार जुन्या शास्त्रात केलेला आहे. त्याच शास्त्राचे मुळातून मराठी भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे वेचणाऱ्या एका महाराष्ट्रीय विदुषीच्या चरित्रात तो विचार प्रत्यक्ष घडलेला दिसतो. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

प्रथम त्या शास्त्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. यहुदी लोकांच्या पवित्र ग्रंथांस हिब्रू शास्त्र म्हणतात. ख्रिस्ती लोक त्यासच जुना करार असे म्हणतात. त्यात परक्या मनुष्यासाठी एकच शब्द नाही. ‘नोख्री’ म्हणजे दुसऱ्या देशाचा मनुष्य. तो व्यापारासाठी किंवा प्रवासात येई व आपल्या घरी परत जाई. त्याला कर्ज दिल्यास त्यावर व्याज घेण्याची मोकळीक होती, व सातव्या वर्षी कर्ज सोडण्याचा नियम त्याला लागू नव्हता. ‘गेर’ मात्र निराळा. दुष्काळ, युद्ध किंवा दुसरी आपत्ती ह्यांमुळे ज्याचा स्वदेश सुटला व जो दुसऱ्यांच्या गावात कायमचा राहू लागला, तो गेर. आपल्या देशावरील जुनी गावव्यवस्था ज्यांस ठाऊक आहे त्यांस गेर म्हणजे काय हे फोडून सांगण्याचे कारण नाही. आपल्या खेड्यांत मिरासदार असे व उपरी असे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, व गावच्या मानपानात त्याचा वाटा. उपरी बाहेरून आलेला. तो दुसऱ्याची किंवा पडलेली जमीन मुदतीने करी, परंतु गावात त्याला वतनी हक्क नसे. हिब्रू लोकांची भूमी त्यांच्या वंशांत वाटलेली होती; गेराला तीत हिस्सा नव्हता. म्हणजे गेर हा त्या भूमीवरचा उपरीच होय.

आता अशा उपऱ्यासाठी त्या शास्त्राने काय सांगितले ते पाहा. शेताची कापणी करताना कडेकोपरे कापू नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नये, जैतुनाचे झाड दुसऱ्यांदा झोडपू नये, द्राक्षमळ्यात मागे राहिलेले घड खुडू नयेत. तो सरवा उपऱ्यासाठी, पोरक्यासाठी व विधवेसाठी ठेवावा. मजुराची मजुरी, मग तो स्वकीय असो की उपरी असो, सूर्य मावळण्यापूर्वी हातावर ठेवावी. सातव्या दिवसाचा विसावा त्यालाही मिळावा. हातून नकळत मनुष्यवध घडला, तर आश्रय घेण्यासाठी जी नगरे नेमली होती त्यांत त्यालाही थारा असावा. न्याय देशजाला व उपऱ्याला एकच असावा. इतकेच नव्हे, तर त्याच्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करावी. आणि ह्याचे कारण काय? त्याची दया यावी, एवढेच कारण तेथे सांगितलेले नाही. तुम्ही स्वतः मिसर देशात उपरी होता, उपऱ्याचे मन कसे असते हे तुम्हांस ठाऊक आहे, हे कारण पुनःपुन्हा सांगितले आहे. त्या लोकांचा मूळपुरुष अब्राहाम ह्याला तर आपल्या मृत पत्नीला मूठमाती देण्यापुरतीही जमीन नव्हती. हेब्रोन येथे परक्यांस चारशे शेकेल रुपे मोजून त्याने ती विकत घेतली.

सत्य सांगावयाचे तर त्याच ग्रंथांत कठोर वचनेही आहेत. परकीय गुलामांस पिढ्यान्‌पिढ्या ठेवण्याची मुभा आहे. मवाबी मनुष्यास देवाच्या मंडळीत येऊ देऊ नये असा निर्बंध आहे. एज्राच्या काळी परदेशीय बायकांस मुलांसह घालवून दिल्याची हकीकत आहे. परंतु तेथेच रूथ नावाच्या मवाबी विधवेची कथाही आहे. ती दुष्काळापासून सुरू होते. रूथ सासूबरोबर परमुलखात येते, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचते, आणि पुढे दावीद राजाची पणजी होते. म्हणजे परक्याला आत घ्यावे की बाहेर ठेवावे हा वाद त्या शास्त्राच्या पोटातच चाललेला आहे. तो प्रश्न आपल्या वर्गातही चालू असतो.

हे शास्त्र दूरदेशीचे आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, असेही कोणी समजू नये. प्रभादेवीहून दक्षिणेस वरळी नाक्यावरून महालक्ष्मीकडे जो रस्ता जातो त्याला डॉक्टर ई. मोझेस ह्यांचे नाव आहे. १९३७-३८ साली मुंबईचे महापौर झालेले हे गृहस्थ बेने इस्राएल समाजातले होते. ह्या समाजाचे पूर्वज अलिबागेजवळ नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले अशी त्यांची परंपरा आहे. ते कुलाबा जिल्ह्यात तेलाच्या घाण्यावर काम करीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांनी मराठी आपली मातृभाषा केली, व किहीम, दिवे, राजपुरी ह्या गावांवरून किहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी आडनावे घेतली. कोकणच्या गावांनी ह्या उपऱ्यांस आपल्यात राहू दिले, आणि त्यांचा शनिवारही त्यांच्यापासून हिरावून घेतला नाही. ही आपल्या प्रांताच्या इतिहासातील भूषणास्पद गोष्ट होय.

असो. हिब्रू शास्त्रात उपरी, पोरका व विधवा ही तीन नावे वारंवार एकत्र येतात. ज्याचा कैवार घेणारा गावात कोणी नाही असे हे तीन होत. रमाबाईंच्या चरित्राकडे पाहिले असता असे दिसते, की ह्या तिन्ही अवस्था त्यांच्या एकटीच्या वाट्यास वयाची चोवीस वर्षे पुरी होण्याच्या आतच आल्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे स्थान आता कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व थोर संस्कृत पंडित. तरुणपणी पुण्यास असताना पेशव्यांच्या वाड्यात एका राजस्त्रीस संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले, आणि आपल्या पत्नीसही शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस त्यांनी संस्कृत शिकविले. स्त्रीस देवभाषा शिकविणे हे त्या काळच्या शिष्टांस रुचण्यासारखे नव्हते. घरी व गावी विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबुवांनी रानात आश्रम थाटला. म्हणजे उपरेपण हे रमाबाईंस जन्मतःच मिळाले होते असे म्हटले तरी चालेल.

आश्रमाचे आतिथ्य मोठे. त्यापायी कर्ज झाले व घर सोडावे लागले. रमाबाई तेव्हा अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून एका मजुराच्या डोक्यावरून त्यांस डोंगराखाली आणले. तेव्हापासून हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, लोक देतील त्या शिध्यावर राहावे, व पुढील गावाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. ह्या वाटचालीत आईने मुलीस संस्कृत शिकविले, व भागवताचे हजारो श्लोक त्यांस मुखोद्गत झाले. शाळा नाही, गाव नाही, शेजार नाही; परंतु विद्या होती.

पुढे १८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत मद्रास इलाख्यात ह्या कुटुंबावर जी वेळ आली तिचे वर्णन करवत नाही. संचय संपला, मजुरी करावयाची सवय नाही, व भीक मागण्याची लाज. पानांवर व रानफळांवर दिवस काढावे लागले. थोडक्या महिन्यांत वडील गेले, आई गेली, वडील बहीणही गेली. आईच्या प्रेतास खांदा देण्यास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा भावाचा, व चौथा रमाबाईंचा. उंची कमी असल्यामुळे तिरडीचे टोक त्यांस डोक्यावर घ्यावे लागले, आणि तशाच त्या दूरच्या स्मशानापर्यंत चालत गेल्या. परगावी मरण आले असता खांदा देणारेही न मिळणे, ह्याहून अधिक उपरेपण ते कोणते?

पोरकी झालेली ही भावंडे, श्रीनिवासशास्त्री व रमाबाई, हिंदुस्थानच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीच्या दिवसांत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे करून व अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी वीस वर्षांच्या ह्या मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ज्या विद्येपायी वडिलांस रानात जावे लागले, तिच्यासाठीच परप्रांतात मुलीचा गौरव झाला.

१८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वराची जात निराळी, प्रांत निराळा, भाषा निराळी. उभयतांस आपापल्या समाजांनी दूर केले. त्यांचा संसार आसामच्या बाजूस सिल्चर येथे दोन वर्षेही चालला नाही. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीस पटकीने नेले. विधवा आई, बापावेगळी तान्ही मुलगी, व चहूकडे परमुलूख, अशा स्थितीत त्या महाराष्ट्राकडे वळल्या. मातृभाषा मराठी असूनही महाराष्ट्रात त्यांचे वास्तव्य असे फारसे झालेच नव्हते.

पुण्यास न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक प्रसिद्ध केले, व शिक्षणाच्या चौकशीसाठी बसलेल्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री वैद्य ह्यांची आवश्यकता मांडली. वैद्यक शिकण्याच्या हेतूने १८८३ साली त्या मुलीस घेऊन इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथे ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या राहिल्या. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत तेथेच शोचनीय रीतीने मरण पावल्या, आणि कानाच्या दोषामुळे वैद्यकाचा बेतही सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ह्या दीक्षेनंतर रमाबाईंस एक घर मिळाले व दुसरे सुटले, असे सामान्यतः समजतात. वस्तुतः त्या दोन्हीकडे उपऱ्याच राहिल्या. पुण्यात अनेकांनी त्यांस आपल्यातून वजा केले. इंग्लंडातही ज्यांनी आश्रय दिला त्यांस वाटे, की बाईंनी आता गुरुजन सांगतील तसे निमूटपणे वागावे. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत असावीत असे मत मांडले. जे पटत नाही ते विश्वास म्हणून उच्चारण्याचे नाकारले. चेल्टनहॅम येथील कन्याविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. परंतु त्यांनी इंग्रज तरुणांस शिकवावे हे हिंदुस्थानातील बिशपांस पसंत पडले नाही. आश्रय देणाऱ्यांचा त्यांनी उपकार मानला, परंतु त्या उपकाराच्या मोबदल्यात आपले मन दिले नाही. ही गोष्ट पुढील हकीकतीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१८८६ साली आप्तसंबंधातील आनंदीबाई जोशी ह्यांच्या वैद्यकीय पदवीदानाच्या प्रसंगी त्या अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेल्या. तेथे जवळजवळ तीन वर्षे त्यांनी प्रवास केला, व्याख्याने दिली, व उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे द्रव्य पुरविण्याचे पत्करले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत गिरगावच्या चौपाटीजवळ शारदासदन उघडले. आरंभी विद्यार्थिनी दोनच होत्या. उच्च वर्णातील बालविधवा ह्या स्वतःच्या घरात राहूनही उपऱ्यासारख्या असत; घर होते, पण घरात वाटा नव्हता. त्यांस शिक्षण व स्वाभिमान देणे हा ह्या शाळेचा उद्देश होता. तेथे शिकलेल्या गोदूबाई ह्यांनी १८९३ साली प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १८९० च्या नोव्हेंबरात शाळा पुण्यास नेली.

येथे एक कठीण प्रसंग आला, व तो झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शारदासदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींस आपापले आचार पाळता यावेत, असे वचन दिलेले होते, आणि स्वयंपाकपाण्याची व्यवस्था त्याप्रमाणे ठेवलेली होती. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करीत. दार मात्र उघडे असे, व काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसू लागल्या. पालकांस हे कळताच गवगवा झाला. केसरीने कडक टीका केली. १८९३ साली रानडे, भांडारकर ह्यांच्यासह सल्लागार मंडळाने संबंध सोडला, आणि कित्येक मुलींस घरी नेण्यात आले. रमाबाईंचे म्हणणे असे, की मी कोणास बोलावीत नाही; परंतु माझ्या घरात माझी प्रार्थना मी दार लावून का करावी? पालकांचे म्हणणे असे, की जिला दुसरा थारा नाही अशा अजाण मुलीवर आश्रय देणारीच्या उदाहरणाचा भार पडतोच. आमच्या मते दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. हिब्रू शास्त्रात वल्हांडणाच्या भोजनास बसावयाचे तर उपऱ्याने प्रथम सुंतेची खूण पत्करावी लागे. परंतु शेतातील सरवा, विसाव्याचा दिवस व न्याय ह्यांस तशी अट नव्हती. अन्न व आसरा विनाअट द्यावा, आणि मनाची दिशा त्याची त्याला ठरवू द्यावी, हा भेद सांगावयास सोपा, परंतु अन्न देणाऱ्याच्या घरात तो पाळणे अतिशय अवघड. इंग्लंडात ज्या दडपणाशी स्वतः रमाबाई झगडल्या, त्याच प्रकारचे दडपण त्यांच्या हातून घडले की नाही, ह्याविषयी त्या काळी मतभेद झाला, व आजही होऊ शकतो. केवळ स्तुती करावयाची म्हणून तो प्रश्न गाळणे हे चरित्रलेखकास शोभणार नाही.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या चरित्रातील मुख्य प्रसंग आमच्या मते हाच होय. संस्था पुण्यास, पैसा मोजका, पूर्वीचे मित्र दुरावलेले. स्वस्थ बसण्यास कारणे पुष्कळ होती. परंतु दुष्काळाची वार्ता ऐकून त्यांस आपली आई, बाप व बहीण आठवली. अन्नावाचून मरणे म्हणजे काय ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या स्वतः त्या प्रांतात गेल्या. अनाथगृहे, रस्त्याच्या कडा व झाडांखालची सावली धुंडाळून त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली व बालविधवा गोळा केल्या, आणि सुमारे तीनशेजणींस घेऊन आल्या. पुण्यास तेव्हा प्लेगाची साथ होती व सरकारी निर्बंध कडक होते. तेव्हा ह्या मुलींस केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर झोपड्या व तंबू उभारून ठेवले. तेच पुढे मुक्तिसदन झाले. १९०० सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

शारदासदनात मुख्यतः उच्च वर्णाच्या विधवा होत्या. केडगावी जात विचारण्याचे कारणच उरले नाही. हिंदी, गुजराती, मराठी, अनेक बोली बोलणाऱ्या मुली एका आवारात राहू लागल्या. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन झाले. आंधळ्या मुलींस ब्रेल लिपी शिकविण्यात येऊ लागली. शेती, हातमाग, तेलाचा घाणा, गाईम्हशी, धुलाई, छापखाना अशी नाना कामे मुलीच करीत. आपण दुसऱ्याच्या अन्नावर आहोत असे कोणास वाटू नये, म्हणून प्रत्येकीच्या हाताला काम होते. सरवा वेचणाऱ्याने शेतात जाऊन स्वतःच्या हाताने वेचावे, त्याला भीक म्हणून तो घरी पाठवू नये, ह्या जुन्या नियमातील मर्म हेच होय.

ह्या एवढ्या संसारात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबलाची तेव्हाची मराठी भाषांतरे संस्कृत शब्दांनी जड झालेली आहेत, खेड्यातील बायकांस ती समजत नाहीत, असे त्यांस दिसले. म्हणून पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक मूळ ग्रंथांवरून सोप्या मराठीत नवे भाषांतर करण्यास आरंभ केला. दुष्काळातून आलेल्या मुलींनी खिळे जुळवावेत, पाने छापावीत व बांधावीत, आणि बाईंनी कोश उघडून एकेका शब्दास मराठी शब्द शोधावा, असे सुमारे अठरा वर्षे चालले. ज्या भाषेत उपरी, पोरका व विधवा ही तीन नावे एकत्र येतात, त्या भाषेची पाने उलटताना त्यांच्या मनात काय येत असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी. त्यांच्या खोलीबाहेरच्या आवारात तिन्ही नावांच्या शेकडो मुली वावरत होत्या.

१९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली; ती आईचा उजवा हात होती. हे दुःख सोसून रमाबाईंनी भाषांतर तडीस नेले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. समग्र ग्रंथ मुक्तिसदनाच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला. संस्था आजही केडगावी आहे.

विद्यार्थिमित्रहो, रमाबाईंची विद्वत्ता आपणांपैकी थोड्यांसच साधेल. तीनशे मुलींस आसरा देण्याचा प्रसंगही बहुधा आपणांवर येणार नाही. परंतु दुष्काळात डोक्यावर घेतलेले आईचे प्रेत त्या वीस वर्षांनंतरही विसरल्या नाहीत, व त्या स्मरणाचा उपयोग त्यांनी दुसऱ्याच्या मुलीस वाचविण्यासाठी केला, एवढे अनुकरण प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. आपापल्या आजोबांस विचारा, की ते मुंबईत प्रथम उतरले त्या रात्री कोठे निजले, व त्यांस पहिला घास कोणी वाढला. बहुतेकांच्या घरी ते नाव अद्याप सांगतील. गावच्या एखाद्या भाऊबंदाचे, खानावळीच्या बाईचे, किंवा मुळीच ओळख नसलेल्या शेजाऱ्याचे.

आमच्या वर्गातील तो वऱ्हाडी मुलगा आता चांगला रुळला आहे. येत्या जूनमध्ये दुसरा कोणी येईल. त्याची बोली आणखी निराळी असेल. पहिल्याच दिवशी मधल्या सुटीत त्याच्यासाठी बाकावर जागा करावी, एवढीच आमची सूचना आहे.